भिंतीवरून उतरलेली चित्रे : लीना बो बार्डी यांचे जीवन आणि आपली कलादालने

आपल्या वस्त्यांमधून आता चित्रकार, शिल्पकार, आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर घडू लागले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती उद्या एखाद्या सांस्कृतिक भवनाचा, स्मारकाचा किंवा विहाराला जोडलेल्या कलादालनाचा आराखडा येईल, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहील तो हा, की प्रेरणा कुठून घ्यायची? सहज शोधायला गेले तर जगभरातल्या कलादालनांचे एकसारखेच फोटो समोर येतात. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, छतातून नेमका चित्रावर पडणारा दिवा आणि भोवती भरपूर रिकामी जागा. त्या फोटोंत माणूस बहुतेक नसतोच.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, म्हणून आमचे लक्ष नेमके या न दिसणाऱ्या माणसाकडे जाते. तिकीट नसले तरी अनेक बाया-बापे कलादालनाच्या काचेच्या दारासमोर थबकतात. आत गेलो तर कुणी हटकेल का, चपला काढायच्या का, बोलायचे की गप्प राहायचे, हे त्यांना कळत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू आणि आलां दार्बेल यांनी 1966 साली युरोपातल्या कलासंग्रहालयांवरचा आपला अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. संग्रहालयात कोण जातो हे मुख्यतः शिक्षणावर आणि घरातून मिळालेल्या सांस्कृतिक संस्कारावर ठरते, नुसते तिकीट माफ केल्याने हे दार उघडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या, पाणवठ्याच्या आणि शाळेच्या दारातच अडवले गेले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे दार बांधकामातूनच कसे उघडता येईल, यावर आयुष्यभर काम केलेल्या एका स्त्रीची ओळख आम्ही इथे करून देत आहोत. लीना बो बार्डी हे त्यांचे नाव. जन्म इटलीतला, कर्मभूमी ब्राझील. जगभरच्या वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात त्या शिकवल्या जातात, पण मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे वाचायला मिळते.

ढिगाऱ्यातली सुरुवात

लीना यांचा जन्म 5 डिसेंबर 1914 रोजी रोममध्ये झाला. तिथेच वास्तुकलेचे शिक्षण घेऊन त्या 1939 मध्ये पदवीधर झाल्या आणि मिलानला गेल्या. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. नव्या आर्किटेक्टला बांधायला काही मिळेना. जे उभे होते तेच कोसळत होते. लीना यांनी मग मासिकांसाठी चित्रे काढली, घरसजावटीवर लिहिले आणि डोमुस या नामांकित वास्तुकला मासिकाच्या संपादनात भाग घेतला. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात मिलानमधले त्यांचे कार्यालय नष्ट झाले.

युद्ध संपल्यावर एका सहकाऱ्याबरोबर आणि छायाचित्रकाराबरोबर त्या उद्ध्वस्त इटलीत फिरल्या. घरे पडलेली आणि माणसे उघड्यावर चूल मांडून बसलेली, हे त्यांनी जवळून पाहिले. घर म्हणजे दर्शनी भाग आणि शोभेच्या वस्तू नव्हेत, आत राहणाऱ्यांचे जगणे म्हणजे घर, हा विचार त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो. कलादालनाकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

1946 मध्ये त्यांनी पिएत्रो मारिया बार्डी यांच्याशी लग्न केले. पिएत्रो हे पत्रकार, कलासमीक्षक आणि कलाव्यापारी. मुसोलिनीच्या काळात त्या राजवटीशी त्यांची जवळीक होती, ही गोष्टही नोंदवून ठेवायला हवी. त्याच वर्षी हे जोडपे जहाजाने ब्राझीलला गेले. तिथे आसीस शातोब्रियां नावाचा वृत्तपत्रे आणि रेडिओ केंद्रांचा बडा मालक होता. त्याला देशात मोठे कलासंग्रहालय उभारायचे होते. त्याने ते काम पिएत्रो यांच्यावर सोपवले. संग्रहालयाच्या मांडणीची जबाबदारी लीना यांच्याकडे आली.

भिंतीपासून दूर

साओ पाउलोचे हे कलासंग्रहालय, म्हणजे मास्प, 2 ऑक्टोबर 1947 रोजी सुरू झाले. त्याला स्वतःची इमारत नव्हती. शातोब्रियांच्या वृत्तपत्र समूहाच्या कार्यालयाच्या इमारतीतच त्याला जागा मिळाली. ऑफिससाठी बांधलेल्या जागेत चित्रे लावायची कशी? लीना यांनी जमिनीपासून छतापर्यंत धातूच्या नळ्या उभ्या केल्या आणि त्यांवर चित्रे टांगली. भिंत मोकळी राहिली, चित्रे दालनात उतरली. ज्यांनी कलेचा इतिहास कधी ऐकलेला नाही अशा लोकांसाठी समजावून सांगणारे तक्तेही तिथे लावले होते. सभागृह लहान होते, म्हणून त्यासाठी घडी घालून बाजूला ठेवता येईल अशी लाकूड आणि चामड्याची खुर्ची त्यांनी आखली. तिथे व्याख्याने होत, मुलांचे वर्ग भरत. पुढे डिझाइन शिकवणारी एक शाळाही संग्रहालयाने काही वर्षे चालवली.

जुन्या काळी संग्रहालय म्हणजे श्रीमंताच्या महालाची नक्कल असे. सोनेरी चौकटी, मखमली भिंती, जड पडदे. तिथे जाणारा माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याला दबून वागावे लागते. लीना यांनी पहिल्याच कामात हा महाल मोडला. अडचणीची जागा आणि साधे सामान असतानाही मांडणी बदलता येते, हे आपल्याकडच्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवणाऱ्या तरुणांनी लक्षात घ्यावे.

1951 मध्ये त्या ब्राझीलच्या नागरिक झाल्या. त्याच वर्षी साओ पाउलोच्या मोरुंबी भागात त्यांचे स्वतःचे घर बांधून झाले. उंच खांबांवर उभे, तिन्ही बाजूंनी काच, आणि घराच्या मधून वर वाढणारे झाड. काचेचे घर म्हणूनच ते ओळखले जाते. वास्तुरचनाकार म्हणून त्यांचे हे पहिले मोठे बांधकाम. ते सुंदर आहे, पण ते एका सुखवस्तू जोडप्याचे घर आहे. लीना यांच्या कामाला खरी दिशा पुढे साल्वाडोर शहरात मिळाली.

साल्वाडोरमध्ये शिकलेला धडा

साल्वाडोर ही ईशान्य ब्राझीलमधल्या बाहिया राज्याची राजधानी. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लाखो माणसांच्या गुलामीवर या प्रदेशाची साखर पिकली. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती 1888 मध्ये, अमेरिका खंडातल्या सगळ्या देशांच्या शेवटी. कायदा झाला, पण जमीन मिळाली नाही आणि शाळाही मिळाल्या नाहीत. साल्वाडोरची बहुसंख्य जनता आजही कृष्णवर्णीय आहे. दुष्काळाने उठून दक्षिणेतल्या शहरांकडे मजुरीला जाणाऱ्यांचे लोंढे याच ईशान्य भागातून निघत.

1958 मध्ये लीना तिथे शिकवायला गेल्या. पुढे बाहियाच्या आधुनिक कला संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. तिथल्या बाजारांत आणि खेड्यांत फिरताना त्यांना वेगळीच कला दिसली. रिकाम्या तेलाच्या डब्याची चिमणी, उडालेल्या बल्बचा दिवा, चिंध्यांची गोधडी, मातीची भांडी, नवसाच्या लाकडी मूर्ती, झोळीसारखे पाळणे. कुणी त्याला कला म्हणत नव्हते. करणारेही म्हणत नव्हते. लीना यांना मात्र त्यात अत्यंत कमी साधनांत गरज भागवणारी बुद्धी दिसली. हौशी पर्यटकाला विकायची लोककला म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. ज्या देशाला स्वतःचे उद्योग आणि स्वतःचे डिझाइन घडवायचे आहे त्याने सुरुवात इथून करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

समुद्रकाठी सोलार दो उन्याओ नावाचा साखरेच्या जमान्यातला जुना वाडा आणि गोदामे पडून होती. लीना यांनी 1959 ते 1963 या काळात त्याची दुरुस्ती करून तिथे लोककलेचे संग्रहालय उभे केले. आतला जिना हा त्यातला सर्वात नावाजलेला भाग. मध्यभागी एक जाड लाकडी खांब, त्याभोवती चौकोनी वळण घेत चढणाऱ्या रुंद पायऱ्या, आणि सांधे खिळ्यांशिवाय, खाचेत अडकवून पाचर ठोकलेले. ही सांध्याची पद्धत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नाही. ती तिथल्या बैलगाडीची होती. गाडीवानाच्या आणि सुताराच्या हातातले ज्ञान मालकाच्या वाड्यात, इमारतीच्या ऐन मध्यभागी उभे राहिले. वर चढणारा प्रत्येक माणूस त्या ज्ञानावर पाय देऊन वर जातो.

1963 मध्ये इथे ईशान्य ब्राझीलच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. साध्या, रंधाही न मारलेल्या लाकडी फळ्यांच्या मांडण्या, त्यावर बाजारात ठेवतात तशा दाटीवाटीने ठेवलेल्या शेकडो वस्तू. एका मडक्याला काचेच्या पेटीत एकटे ठेवून त्यावर दिवा सोडला की ते दुर्मीळ वाटू लागते आणि करणाऱ्यापासून तुटते. इथे मडक्यांची रांगच्या रांग होती. तिच्यामागे हात किती आहेत, हे लगेच कळत होते.

1964 च्या मार्चअखेरीस लष्कराने ब्राझीलची सत्ता बळकावली. त्याच वर्षी लीना यांना साल्वाडोरचे काम सोडावे लागले. 1965 मध्ये हेच प्रदर्शन रोममध्ये भरायचे होते. ब्राझील सरकारने ते होऊ दिले नाही. काही मडकी, गोधड्या आणि डब्यांचे दिवे यांची सत्तेला इतकी भीती का वाटावी? आम्हाला वाटते, त्या वस्तू दारिद्र्य दाखवत होत्या आणि त्याच वेळी दरिद्री माणसाची बुद्धीही दाखवत होत्या. पहिली गोष्ट झाकता येते किंवा तिच्यावर दया दाखवता येते. दुसरी मान्य केली तर हक्काचा प्रश्न निघतो.

रस्त्याला दिलेली जागा

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी, म्हणजे 1957 मध्ये, लीना यांनी मास्पच्या स्वतंत्र इमारतीचा आराखडा हाती घेतला होता. ती पूर्ण व्हायला अकरा वर्षे लागली. साओ पाउलोच्या पाउलिस्ता या सर्वात प्रतिष्ठित रस्त्यावर ती उभी आहे. नोव्हेंबर 1968 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले.

इमारतीची रचना समजून घेऊ. रस्त्याच्या पातळीवर इमारत जवळजवळ नाहीच. चार प्रचंड खांब आणि त्यांवर काँक्रीटच्या तुळया, आणि त्यांच्या आधाराने सुमारे 8 मीटर उंचीवर उचलून धरलेली काचेची लांब पेटी. खालची जागा पूर्ण मोकळी. मधे एकही खांब नाही, आणि दोन टोकांच्या आधारांमधले अंतर सुमारे 74 मीटर आहे. या हिशेबाचे अवघड काम अभियंता फिगेरेदो फेराझ यांनी केले. सभागृह आणि इतर सोयी रस्त्याच्या खालच्या पातळीवर, उतारात आहेत. या ठिकाणी पूर्वी शहराचा देखावा पाहायची सार्वजनिक गच्ची होती. लीना यांनी तो देखावा आणि ती जागा दोन्ही लोकांकडे राहू दिली.

पाउलिस्तासारख्या रस्त्यावर जमिनीचा भाव काय असतो ते सांगायला नको. तिथे सगळ्यात मोलाचा भाग, म्हणजे तळमजला, रिकामा सोडणे हा निर्णय सौंदर्याचा होता तितकाच राजकीयही होता. कुंपण नाही, तिकीट नाही. उन्हापावसात कुणीही तिथे थांबू शकतो. 1972 मध्ये तिथे चक्क सर्कशीचा तंबू लागला. उद्घाटनानंतर पुढच्याच महिन्यात, 13 डिसेंबर 1968 रोजी, लष्करी राजवटीने नागरी हक्क गोठवणारा आपला सर्वात कठोर हुकूम काढला. ती राजवट 1985 मध्ये गेली. या मोकळ्या छताखाली मात्र आजही मोर्चे जमतात आणि आंदोलने सुरू होतात. कलासंग्रहालयाची इमारत शहराच्या निषेधाचे ठिकाण झाली आहे.

आता वर, दालनात जाऊ. इथे लीना यांनी 1947 चा विचार टोकाला नेला. आत एकही भिंत ठेवली नाही. काँक्रीटचा एक ठोकळा, त्यात पाचर मारून उभा केलेला जाड काचेचा पत्रा, आणि त्या काचेवर चित्र. अशी रांगांमागून रांगा चित्रे. लांबून पाहिले तर सगळी चित्रे हवेत उभी दिसतात आणि त्यांच्यामधून माणसे हिंडत असतात. चित्राचे नाव, चित्रकार, साल ही माहिती काचेच्या मागच्या बाजूला. म्हणजे आधी चित्र पाहायचे, मग वळसा घालून नाव वाचायचे. मागे गेल्यावर चित्राची पाठही दिसते. कॅनव्हास, खिळे, लाकडी चौकट, जुने शिक्के. हे कुणीतरी हाताने केलेले काम आहे, हे तिथे उघड होते.

या रचनेचा सामाजिक अर्थ आम्हाला फार मोलाचा वाटतो. नाव आधी वाचले की आपण नावाला नमस्कार करतो. राफाएल म्हटले की मान आपोआप झुकते. ज्याला हे नाव माहीत नाही तो आपल्याला कळत नाही म्हणून ओशाळतो. नाव मागे ठेवले की दोघेही एका पायरीवर येतात. मास्पच्या संग्रहात राफाएल आहे, व्हॅन गॉग आहे, आणि ब्राझीलच्या कांदिदो पोर्तिनारी यांनी 1944 मध्ये काढलेले ईशान्येकडच्या दुष्काळग्रस्त स्थलांतरित कुटुंबाचे चित्रही आहे. काचेवर उभी केली की ही सगळी चित्रे एकाच जमिनीवर उभी असतात. सुटाबुटातला प्रेक्षक आणि बांधकामावरचा मजूर जसे त्यांच्यामधून एकाच वाटेने चालतात, तसेच. 1969 मध्ये याच इमारतीत लीना यांनी ब्राझीलच्या जनतेच्या हातांना वाहिलेले प्रदर्शन मांडले. सरकारने रोममध्ये रोखलेल्या विचाराला देशातल्या सर्वात मोठ्या दालनात जागा मिळाली.

पिंपांचा कारखाना

1977 मध्ये लीना यांच्याकडे आणखी एक काम आले. ब्राझीलमध्ये व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या कामगारांसाठी सेस्क नावाची संस्था आहे. मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात सक्तीने घेतल्या जाणाऱ्या वर्गणीवर ती चालते. साओ पाउलोच्या पोंपेया या कामगार भागात लोखंडी पिंपे बनवणारा एक जुना कारखाना सेस्कने घेतला होता. तो पाडून तिथे नवे सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र बांधायचे, असा विचार होता.

लीना पाहणीला गेल्या तेव्हा बंद कारखान्यात आसपासची कुटुंबे जमत होती. मुले धावत होती, म्हातारी माणसे बसली होती, पोरे फुटबॉल खेळत होती. लोकांनी ती जागा आधीच आपली करून घेतली होती. लीना यांनी ठरवले, की हे जे चालू आहे ते मोडायचे नाही. कारखाना तसाच ठेवला. भिंतींवरचा गिलावा खरवडून आतली वीट उघडी केली. मोठ्या शेडमध्ये पुस्तके, प्रदर्शनाची जागा, बसायच्या बैठका, एक शेकोटी आणि फरशीतून नागमोडी वाहणारा पाण्याचा उथळ ओहोळ. त्या ओहोळाला ईशान्येतून वाहणाऱ्या साओ फ्रान्सिस्को नदीचे नाव मिळाले. गाव सोडून आलेल्या मजुराला शहरातल्या सभागृहात आपली नदी भेटावी, ही त्यामागची जाण. बाजूला सुतारकाम, मातीकाम, विणकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा आणि स्वस्त जेवणाचे उपाहारगृह.

हा भाग 1982 मध्ये सुरू झाला आणि मागचे क्रीडा मनोरे 1986 मध्ये. त्या जागेतून बंदिस्त नाला जात होता, त्यावर बांधता येत नव्हते. म्हणून नाल्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे दोन मनोरे उभे केले आणि वर हवेतून जाणाऱ्या पुलांनी ते जोडले. नाल्यावर लाकडी फळ्यांचा लांब ओटा घातला. समुद्र लांब असलेल्या कामगारांची ती समुद्रकिनाऱ्यासारखी ऊन खात पडायची जागा झाली. मनोऱ्याला खिडक्यांऐवजी गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोके आहेत. ज्याला नकाशातला दोष म्हटले असते त्यातून सगळ्यात लक्षात राहणारा भाग तयार झाला.

बांधकाम चालू असताना लीना यांचे कार्यालय त्या जागेवरच होते. तिथे त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी खुर्च्या आणि पाट्यांपासून कर्मचाऱ्यांच्या गणवेशापर्यंत सगळे काही आखले. केंद्र सुरू झाल्यावर तिथली प्रदर्शनेही त्यांनी मांडली. त्यांतले एक मुलांच्या खेळण्यांचे होते, तर दुसरे खेडुतांच्या कुडाच्या घरांविषयी होते. इंटिरियर म्हणजे महागडे सामान निवडणे नव्हे, ही गोष्ट शिकायला पोंपेयासारखी जागा नाही. तिथले साहित्य म्हणजे वीट, काँक्रीट आणि जाड फळ्या. पैसा ओतला गेला तो बसण्या-रेंगाळण्याच्या सोयीवर.

दोष आणि वाद

आम्ही व्यक्तिपूजा करायला बसलेलो नाही. लीना यांच्या कामावर टीका झाली आणि तिच्यातला काही भाग विचार करण्याजोगा आहे. काचेवरची चित्रे एकमेकांत मिसळतात, नजर एका चित्रावर टिकत नाही, असे अनेक कलातज्ज्ञ म्हणाले. मास्पचा संग्रह ज्या पैशातून उभा राहिला तो शातोब्रियांने धनिकांवर आपल्या वृत्तपत्रांचा दबाव आणून मिळवला होता. आणि गरिबांच्या वस्तू गोळा करून मांडणारी व्यक्ती युरोपातून आलेली गोरी, सुशिक्षित बाई होती. वस्तू करणाऱ्यांची नावे त्या प्रदर्शनांत किती आली आणि निर्णय घेताना त्यांना किती विचारले गेले? आपल्या जीवनावर इतरांनी चित्रे काढली, सिनेमे केले, प्रदर्शने भरवली, तेव्हा हाच प्रश्न आपणही विचारत आलो आहोत. लीना यांच्याबाबतीत तो सोडून द्यायचे कारण नाही.

20 मार्च 1992 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, काचेच्या घरातच लीना यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांत, 1996 मध्ये, मास्पच्या व्यवस्थापनाने काचेचे आधार काढून टाकले आणि नेहमीच्या भिंती उभ्या केल्या. चित्रे पुन्हा भिंतीवर गेली. जवळजवळ वीस वर्षांनी, 2015 च्या डिसेंबरमध्ये, ती परत काचेवर आली. 2016 मध्ये जनतेच्या हातांचे ते प्रदर्शनही पुन्हा मांडले गेले. 2021 मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला महोत्सवाने लीना यांना मरणोत्तर विशेष सुवर्ण सिंह हा जीवनगौरव सन्मान दिला. त्यांनी बांधलेल्या इमारती मोजक्याच आहेत. पण मधल्या वीस वर्षांवरून एक गोष्ट शिकावी. खुली केलेली जागा आपोआप खुली राहत नाही. भिंती परत येतात. त्या येऊ न देण्यासाठी कुणीतरी जागे राहावे लागते.

आपण काय घ्यायचे

काचेचे आधार आणि लाल खांब यांची नक्कल आपल्याकडे करून काही साधणार नाही. घ्यायची ती शोधण्याची पद्धत. लीना यांनी जिन्याची प्रेरणा बैलगाडीत शोधली आणि मांडणीची बाजारात. केंद्र कसे असावे हे त्यांना बंद कारखान्यात खेळणाऱ्या मुलांनी शिकवले. जागेचा वापर आधी पाहायचा, मग पेन्सिल हातात घ्यायची.

आपल्या बुद्ध लेण्यांमध्येही ही गोष्ट दडलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले शिलालेख पाहा. देणाऱ्यांमध्ये सेठ आहेत, यवन आहेत, तसेच सुतार आणि गंधीही आहेत. त्यांची नावे त्या दगडात कोरलेली आहेत. ज्यांच्या हातांनी आणि ज्यांच्या दानाने जागा उभी राहते, त्यांचे नाव त्या जागेतच दिसावे, ही रीत आपल्याला परकी नाही.

म्हणून आराखडा काढणाऱ्या आपल्या तरुण मित्र-मैत्रिणींपुढे आम्ही काही प्रश्न ठेवतो. दारात पायऱ्या किती, आणि म्हातारी आजी त्या चढेल का? आत पाठ टेकून बसायला, तान्ह्या मुलाला पाजायला जागा आहे का? चित्राखालची माहिती कुठल्या भाषेत आहे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती कोण सांगणार? तळमजल्याचा किती भाग तिकिटाशिवाय, कारणाशिवाय येणाऱ्याला मोकळा आहे? गोधडी शिवणाऱ्या आईचे नाव तिच्या गोधडीजवळ लिहिले आहे का? आणि ती आई आराखड्याच्या बैठकीला होती का?

यांतल्या एकाही प्रश्नाला फार पैसे लागत नाहीत. स्मारकासाठी निधी मंजूर होतो तेव्हा उंची किती आणि संगमरवर कुठला यावर चर्चा रंगते. त्या बैठकीत हे प्रश्न उठवणारा एकजण तरी असला पाहिजे. तो शिकलेला आर्किटेक्ट असेल तर चांगलेच, नसेल तर वस्तीतला कार्यकर्ताही चालेल. पुढच्या आठवड्यात आपल्या जवळच्या विहारात किंवा समाजमंदिरात तासभर बसा. लोक कुठे टेकतात, बायका कुठे थांबतात, मुले कुठल्या कोपऱ्यात पळतात ते पाहा आणि वहीत उतरवा. आपल्या कलादालनाचा पहिला नकाशा त्या वहीतून निघेल.

जय भीम! नमो बुद्धाय!